टपावरची होडी

रेडीत होडी गाडीच्या टपावर बांधून न्यायची म्हटलं की ऐकणारा माणूस आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग आपल्या घरच्यांकडे. त्याचं काही चुकत नाही. पश्चिमेला समुद्र, यशवंतगडाच्या पायथ्याला खाडी, दक्षिणेला तेरेखोलची नदी, आणि जून ते सप्टेंबर उरलेल्या सगळ्या जागी पावसाचं पाणी. एवढ्या पाण्यात होडीला डांबरी रस्त्याची गरज का पडावी? ऐहोळेच्या इ. स. ६३४ च्या शिलालेखात चालुक्य राजा मंगलेशानं रेवतीद्वीप जिंकल्याचं कोरलंय, आणि हे रेवतीद्वीप म्हणजे आमचं रेडी असं अभ्यासक मानतात. राजा आरमार घेऊन आला तो पाण्यातून आला. शिलालेखात कॅरियरचा उल्लेख नाही.

पण मंगलेशाला भाचा नसावा. मला आहे. तो पुण्याच्या एका कंपनीत संगणकावर काम करतो, आणि काम कुठूनही करता येतं हे कंपनीला पटल्यापासून ते तो आमच्या माडीवर बसून करतो. एका सकाळी दारात ट्रान्सपोर्टचा टेम्पो थांबला आणि त्यातून पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या दोन लांबलचक वस्तू उतरल्या. मामीला वाटलं न्हाणीघरातला टब आला, आणि तिचा चेहरा उजळला. पुठ्ठा फाडल्यावर आतून दोन पिवळ्याजर्द कयाक निघाल्या आणि तिचा चेहरा पूर्ववत झाला.

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं, आणि मापं घ्यायची ती मालकाच्या अंगाची: त्याच्या हातांचा पसारा केवढा, कंबर केवढी. कपडे शिवतात तशी होडी शिवायची. वजन एवढंच की शिकारीला ती एकट्यानं उचलून बर्फावरून नेता यावी. आमच्या खळ्यात आलेली कयाक मात्र प्लॅस्टिकची होती, साच्यातून निघालेली, कोणाच्याच मापाची नसलेली, आणि तिला आरपार भोकं होती.

भोकांवरून पहिली सभा भरली. रापणीत उभा जन्म गेलेले शेजारचे आजोबा काठी टेकत आले, कयाकेच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हिका भोकां आसत."

"आजोबा, ती पाणी जाण्यासाठी आहेत," भाचा म्हणाला.

"भितूर?"

"नाही, बाहेर."

आजोबांनी भोकातून काठी घालून ती दुसऱ्या बाजूनं बाहेर काढून बघितली. होडीला भोक पडू नये म्हणून माणसं वर्षानुवर्षं डांबर लावत आली, आणि आता भोकं पाडून विकतात, आणि लोक ती विकत घेतात, एवढं सगळं त्यांनी एका हुंकारात म्हटलं. वास्तविक ही कयाक म्हणजे चारी बाजूंनी बंद असलेला हवेचा पोकळ डबा. माणूस तिच्यात बसत नाही, वर बसतो. लाटेचं पाणी वर आलं की त्या भोकांतून खाली जातं. हे सगळं समजावून झाल्यावर आजोबांनी मूळ प्रश्न विचारला, "ही दर्यार नेतलास कशी?"

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. दोघांनी उचलून नेली की झालं. पण भाच्याला रोज एक पाणी चालणार नव्हतं. त्याला मोचेमाडची खाडी हवी होती, आरोंद्याची कांदळवनं हवी होती, वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून तिवरं दाखवतात तिथंही जायचं होतं. आणि उघड्या समुद्रातून ह्या गावाहून त्या गावाला वल्हं मारत जाणं हे संगणकवाल्या खांद्यांचं काम नाही. तेव्हा गाडी. आणि गाडी म्हणजे टप. आणि टप म्हणजे कॅरियर.

इथपर्यंत मला यात काहीच अवघड दिसत नव्हतं. टपावर सामान लादण्यात कोकणी माणसाचा हात कोण धरणार? एस.टी.च्या मागे लोखंडी शिडी असायची त्या काळात आमची निम्मी गृहस्थी टपावरून आली. ट्रंका, वळकट्या, फणस, तांदळाची पोती, लग्नातली भांडी, एकदा तर अख्खा पाळणा. दशावतारी कंपन्यांचे पेटारे आत्ताआत्तापर्यंत टपावरून फिरत: खाली गाडीत राजे-राक्षस बनियनवर झोपलेले आणि वर त्यांचे मुकुट. अँबॅसेडर आणि फियाट या दोन गाड्यांना टपाच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ असायची. त्या पन्हळीत कॅरियरचे पाय अडकवायचे, चार बोल्ट आवळायचे, की गाडी सात गावांचा संसार घेऊन घाट चढायला मोकळी. पुढे-मागे लोखंडी बंपर. त्याला दोरी बांधा, बैल बांधा, कोणी ना म्हणत नसे.

आजच्या गाडीला पन्हळ नाही. बंपर आहे, पण तो प्लॅस्टिकचा. कडा नाही, कंगोरा नाही, खुंटी नाही. गाडी पुढून मागून हात फिरवून बघितली तर दोरी अडकवता येईल अशी एकही जागा सापडत नाही. ज्यानं ती काढली त्यानं वारा अडू नये याचा विचार केला, माणसाचं नडणं मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं. माझं असं पक्कं मत झालंय की होडी हा यात प्रश्नच नव्हे. होडीचं काय करायचं ते या किनाऱ्यावरच्या पोराटोराला कळतं. आजच्या गाडीला दोरी कुठे बांधायची, हे मात्र कोणालाच कळत नाही.

"मामा, माझ्या गाडीला रेल आहेत की," भाचा म्हणाला. त्याची गाडी उंच, ऐटबाज, आणि टपाच्या दोन्ही कडांना चंदेरी दांडे. मी खूश झालो. मग त्यानं गाडीचं पुस्तक काढलं. गाडीचं पुस्तक वाचणारा माणूस मी आयुष्यात प्रथमच बघत होतो. त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे दांडे शोभेचे आहेत, त्यांवर वजन ठेवू नये. लग्नात वरपक्षाच्या काकांच्या खिशाला पेन असतं, आणि सही करायची वेळ आली की त्यात रिफिल नसते, त्यातला प्रकार. आणि दांडे असल्यामुळे दाराच्या चौकटीला पकडणारे साधे चिमटेही तिथे बसेनात. म्हणजे ज्या गाडीला टपावर दांडे होते तिच्यावर काही ठेवता येत नव्हतं, आणि माझी जुनी गाडी, जिचा टप भाकरीच्या तव्याइतका सपाट आहे, तिच्यावर ठेवता येणार होतं. इतक्या वर्षांत त्या गाडीला पहिल्यांदाच कोणी तरी पसंत केलं.

तरी आमच्या गाड्या आखूड त्या आखूडच. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा कर उतरवला, तेव्हापासून कंपन्यांनी चार मीटरला पाच मिलिमीटर कमी अशी गाडी कापायला सुरुवात केली. डिकी कापली, नाक कापलं, पण कर वाचवला. दोघांनी बसायची कयाक सहज चार मीटरच्या पुढे जाते. म्हणजे या देशात होडी तिला वाहणाऱ्या गाडीपेक्षा लांब असू शकते. भाच्याच्या एकेकट्यानं बसायच्या होत्या म्हणून निभावलं.

आता वजन. माझ्या गाडीचंही पुस्तक भाच्यानं शोधून काढलं. पिशवी फोडलेली नव्हती. त्यात टपावर जास्तीत जास्त पन्नास किलो असं दिलं होतं, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं होतं. ही ओळ वाचल्यावर भाचा गंभीर झाला. कयाक पंचवीस-पंचवीस किलोच्या निघाल्या तर कॅरियर लावल्यावर दोन नेता येणार नाहीत, आणि कॅरियर न लावता एकही नेता येणार नाही. तेव्हा वजन करणं आलं. घरात वजनकाटा एकच, मामीचा, पायाखाली घ्यायचा. त्यावर आडवी कयाक टेकत नाही. म्हणून भाचा कयाकेला मिठी मारून काट्यावर उभा राहिला. आता त्याला कयाकेखालचा आकडा दिसेना. मग मी खळ्यात पोटावर झोपलो आणि त्याच्या दोन अंगठ्यांमधून आकडा वाचला. मग त्यानं कयाक खाली ठेवली आणि नुसता उभा राहिला, कारण त्याला वजा करायचं होतं. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आजोबांनी हा सगळा विधी शांतपणे पाहिला आणि घरात जाऊन सुनेला बोलावून आणलं. एक कयाक वीस किलो भरली. दोघी चाळीस. म्हणजे कॅरियरला दहा किलो उरले. भाच्याचं वजनही या निमित्तानं वाडीभर जाहीर झालं.

दहा किलोचं कॅरियर शोधायचं हा पुढचा अध्याय.

आमच्या भागात गाडीला कॅरियर म्हटलं की पहिलं नाव वेल्डरचं निघतं. त्यानं गाडीभोवती फिरून टेप लावला, कागद न वापरता मनात आराखडा काढला आणि म्हणाला, "दीड इंची पायप घालतंय, खाली अँगल, सिमेंटची धा पोती ठेव." त्याचं कॅरियर इतकं भक्कम झालं असतं की त्यावर गाडी ठेवता आली असती. पण त्याचंच वजन पन्नासाच्या पुढे. शिवाय शिरोड्याच्या मिठागरांवरून येणारा वारा लोखंडाला किती दिवस जगू देतो हे आमच्या खिडक्यांचे गज सांगतात. रंग दरवर्षी, गंज दररोज. वेल्डरला मी पुढच्या वर्षीच्या फाटकाचं काम कबूल केलं आणि सुटलो.

मग बाजारातलं दुकान. दुकानदारानं शिंकाळ्यावरून एक खोकं खाली काढलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "हे सगळ्या गाड्यांना बसतं." कॅरियर सगळ्या गाड्यांना बसतं असं कोणी म्हणालं की समजावं, आपली सोडून. माझ्या गाडीवर ते ठेवल्यावर चारांपैकी तीन पाय टपाला टेकले. चौथा अधांतरी. "रबर घालू," दुकानदार म्हणाला. या देशातल्या सगळ्या अडचणींवर शेवटी रबर घालतात.

वाडीचा कौल वेगळाच होता. वाडी म्हणत होती, छोटा हत्ती सांगा. एक फोन केला की टेम्पो दारात, मागे कयाक टाका, वर गोणपाट टाका, बसा पुढे. खरं सांगायचं तर यावर उत्तर नव्हतं. मी आजवर कॅरियरच्या बाजूनं ऐकलेल्या एकूण युक्तिवादांत छोट्या हत्तीपुढे टिकणारा एकही नाही. भाचा म्हणाला, "मग त्यात मजा काय?" हा एकच मुद्दा होता आणि त्याच्यावर साऱ्या जगातला कॅरियरचा धंदा उभा आहे.

दुसरा पक्ष होता हवेच्या होडीचा. फुगवायची कयाक मिळते. घडी करून डिकीत टाकायची, किनाऱ्यावर पायपंपानं फुगवायची. मे महिन्यात वेळागरच्या वाळूत उभं राहून पंप मारून बघावा, म्हणजे वल्हवायची इच्छा आपोआप मावळते आणि कॅरियरचा खर्च वाचतो.

शेवटी भाच्यानं संगणक उघडला. टपावरच्या कॅरियरमध्ये जगात मोठं नाव आहे ते थुले या स्वीडिश कंपनीचं. आजोबांना त्यात रस नव्हता, पण ही कंपनी १९४२ साली सुरू झाली तेव्हा ती गाडीचं काही करत नव्हती, पाईक नावाचा मासा धरायचा सापळा विकत होती, आणि कॅरियरकडे पुढे वीस वर्षांनी वळली, हे कळल्यावर ते एकदम सरसावून बसले. "मगे गाबीतच म्हण," ते आमच्या किनाऱ्यावरच्या मासेमारांचं नाव घेऊन म्हणाले. त्या दिवसापासून स्वीडनबद्दल त्यांचं मत चांगलं आहे.

भाच्यानं शेवटी मागवलं ते कोणत्या कंपनीचं, हे इथे महत्त्वाचं नाही. ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या, दाराच्या चौकटीला घट्ट धरणारे चार चिमटे, आणि वर इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या कमानी. कमानी का, तर माझ्या गाडीच्या टपावर दोन कयाक शेजारी आडव्या मावत नाहीत. एकीचीच रुंदी पाऊण मीटर. कमानीत त्या कुशीवर झोपतात. वजन सगळं मिळून नऊ किलो. चाळीस आणि नऊ एकोणपन्नास. एक किलोची चैन उरली. किंमत मी सांगत नाही. माझी गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक "कॅरियरसकट का?" असं विचारेल, आणि कॅरियर नसेल तर भाव पाडून मागेल, एवढ्यावरून अंदाज करावा.

त्यासोबत एक पान लावा-काढायच्या सूचना आल्या होत्या, आणि त्यात ज्ञानाच्या दोन गोष्टी होत्या. पहिली: पट्टा आवळायला ट्रकवाल्यांची कटकट वाजणारी कळ वापरू नये. ती दमदार असते. हातातली ताकद कळेनाशी होते आणि उन्हात तापलेलं प्लॅस्टिक दबून होडीला कायमचा खळगा पडतो. साधं बकल, हातानं ओढायचं, हात थांबेल तिथे थांबायचं. दुसरी गोष्ट जास्त सुंदर. चपटा पट्टा दोन बिंदूंत सरळ ताणला आणि गाडीनं वेग घेतला की वाऱ्यानं तो फडफडायला लागतो आणि त्याचा घुमारा गाडीभर भरतो. सातार्ड्याच्या रस्त्याला लागल्यावर आमच्या डोक्यावर कोणीतरी तंबोरा लावलाय असं मामीला वाटलं. तिनं काच खाली करून बघितलं. याला उपाय एकच: पट्ट्याला एक पीळ द्यायचा. पीळ दिला की सगळा पट्टा एकाच लयीत हलू शकत नाही आणि आवाज बंद. आजोबांना हे सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात; सुंभाचं जाऊ द्या, पण माणसं पिळाशिवाय बांधली तर ओरडतातच.

कयाक टपावर बांधली तरी तिचं नाक पुढे तरंगत राहतं, आणि समोरून ट्रक गेला की ते त्या ट्रककडे वळायला बघतं. म्हणून नाकाला आणि शेपटाला दोरी बांधून ती खाली गाडीला ओढायची असते. खाली कुठे? इथे आम्ही परत मूळ प्रश्नावर आलो. भाचा पुस्तक वाचत होता, मी बंपरसमोर उकिडवा बसलो होतो. "मामा, बंपरवर एक चौकोनी झाकण असेल बघ." मी बोट फिरवलं. रेडीच्या खाणींची लाल धूळ आणि किनाऱ्याचं मीठ मिळून तिथे जो थर बसला होता त्याखाली खरंच एक बारीक चौकोन लागला. नखानं निघेना. मामीचा उलथन्याचा दांडा आणला. झाकण टुणकन उडून जास्वंदीत पडलं, आणि आत, इतकी वर्षं माझ्या गाडीच्या नाकात लपलेलं, आटे पाडलेलं एक भोक. डिकीत स्टेपनीच्या खाली गुंडाळलेला एक लोखंडी हूक होता. तो काय असतो हे मी कधी विचारलं नव्हतं. तो त्या भोकात फिरवून बसवायचा. बंद पडलेली गाडी ओढायला कंपनीनं दिलेला. हूक फिरवला, फिरवला, घट्ट बसला, आणि त्याच्या गोल डोळ्यातून आजोबांनी स्वतः दोरी ओवली आणि अशी गाठ मारली की ती अजून सोडता येते पण सुटत नाही. आजच्या गाडीला दोरी बांधायची एवढी एकच जागा, आणि तीसुद्धा गाडी बंद पडेल या भीतीनं ठेवलेली.

निघालो. त्या कमानींत कुशीवर झोपलेल्या दोन कयाक धरून माझी गाडी सव्वादोन मीटरच्या वर गेली होती, आणि माझं डोकं अजून जुन्या उंचीतच होतं. वाडीतला रस्ता म्हणजे दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे आणि वर फणसांच्या फांद्या. जिथून मी जन्मभर डोळे मिटून गेलो तिथे आता भाचा पुढे चालत हात वर करून फांदी मोजत होता. एका मांडवाच्या कमानीखाली गाडी थांबवून आम्ही चर्चा केली. झावळ लागली की ती पिवळ्या प्लॅस्टिकवरून खरखरत मागे जायची आणि मामी दर वेळी "गेली" म्हणायची.

शिरोड्याच्या बाजारात पोरांनी गाडी बघितली. शेजारी आरवली, तिथला वेतोबा. भक्त त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, देव रात्री गावाभोवती फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. दोन लांब, पिवळ्या, एकाच आकाराच्या वस्तू टपावर जोडीनं चाललेल्या बघून एक पोरगा ओरडला, "वेतोबाच्यो व्हाणो खंय चल्ल्यो रे?" मागच्या सीटवरून मामीनं हात जोडले, सवयीनं.

गोव्याच्या हद्दीकडे कुठलीही गाडी निघाली की परतीला नाका लागतो, आणि नाक्यावर आमच्या टपाला जेवढा मान मिळाला तेवढा मला व्यक्तिशः कधी मिळाला नाही. साहेबांनी टॉर्च वर मारला. "आत काय आहे?"

"हवा," भाचा म्हणाला. हे उत्तर खरं होतं आणि अत्यंत चुकीचं होतं.

साहेबांनी कयाकेवर बोटानं टकटक केलं. पोकळ आवाज आला. गोव्याहून येणारी, सहा-सात हात लांब, चारी बाजूंनी बंद, आतून पोकळ वस्तू: मी नाक्यावर असतो तर मीही तपासली असती. भाच्यानं मागचं झाकण फिरवून उघडलं, साहेबांनी आत हात घातला, आणि वाळू काढली. मग विषय कायद्याकडे वळला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ ची दुरुस्ती आली, तिनं सामान मर्यादेपलीकडे पुढे, मागे, बाजूला किंवा वर आलं तर वीस हजारांचा दंड ठेवलाय, शिवाय सामान उतरवण्याचा खर्च. हे आकडे भाच्याला साहेबांपेक्षा आधी पाठ होते. त्यानं टेप काढला. साहेब, मी आणि भाचा, तिघांनी मिळून रस्त्यावर कयाक मोजली. एकीकडून दुसरीकडे टेप धरणाऱ्या साहेबांनी शेवटी एकच विचारलं, "पण घरी समुद्र आहे ना तुमच्या?"

या सगळ्या उद्योगातला खरा दिवस तो तेरेखोलचा. रेडीहून पुढे गेलं की तेरेखोलचा किल्ला लागतो. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला आणि नदीच्या अलीकडचा हा तुकडा तेव्हापासून गोव्यात राहिला. म्हणजे जमिनीनं आमच्याशी जोडलेला आणि कागदानं पलीकडच्या पेडण्याशी. पलीकडे केरीला जायला फेरीबोट. आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून वळसा घालूनही जाता येतं, पण भाच्याला नदी ओलांडायची होती.

गाडी फेरीबोटीत चढली. फळी वर उचलली गेली, इंजिन धडधडलं, आणि मधल्या पाण्यात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की कधी गाड्यावर नाव आणि कधी नावेवर गाडा ही म्हण पूर्वजांनी आळीपाळीची समजून केली होती. इथे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. पाण्यावर बोट, बोटीवर गाडी, गाडीवर होडी, आणि होडीवर एक बगळा येऊन बसला. होडीचा उपयोग पाण्यावर जाण्यासाठी, आणि आमची होडी पाण्यावरूनच चालली होती, पाण्यापासून तीन मजले वर.

फेरीवरचा माणूस गाडीचं तिकीट घ्यायला आला. त्यानं वर बघितलं, नदीकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"आनी ही कित्याक? हिका पेंवपाक येना?"

भाच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. वाऱ्याचा रोख, दांड्यांमधलं अंतर, प्लॅस्टिक किती तापमानाला मऊ पडतं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

जाता जाता एक सांगायला हवं. कॅरियर टपावर असलं की गाडीला वाऱ्याचा अडथळा होतो, रिकामं असलं तरी होतो, आणि पेट्रोल जास्त जातं. मराठी माणूस गाडीची जात, रंग, वय काहीही विसरेल, ॲव्हरेज विसरत नाही. म्हणून नियमानं काम झाल्यावर कॅरियर उतरवून ठेवायचं. चार चिमटे, एक किल्ली, पाच मिनिटांचं काम. ते अजून एकदाही उतरलेलं नाही, आणि त्याचं कारण वाडी.

कारण भाच्याची कयाक वाडीतल्या एकालाही नको आहे, कॅरियर मात्र सगळ्यांना हवंय. बांबू आणायचे, कॅरियर. प्लायवूडचं अख्खं पान आणायचं, कॅरियर. माळ्यावर चढायची लांब शिडी, पत्रे, पीव्हीसीचे पाईप, भजनी मंडळाचा लांब कनातीचा गुंडाळा, सगळं त्यावरून. माझ्या गाडीला आता नंबर लावतात, आणि पन्नास किलोची अट मी फळ्यावर लिहून ओटीवर लावली आहे, ती कोणी वाचत नाही. चतुर्थी जवळ आली तसे गेल्या आठवड्यात आजोबाच आले. शेजारच्या गावाहून गणपतीवर टांगायच्या माटवीची जुनी सागवानी चौकट आणायची होती.

"तुजां कॅरियर आयतवारी मोकळां आसा मां?"

मोकळं होतं.

"बरां. पन त्यो दोन व्हाणो पयल्यांदा काडून ठेव."